ताई, गाडी मी खालच्या शेतात लावली

ताई,

परवा पुण्याची ती पांढरी, आत पलंग-शेगडी असलेली गाडी आली. नेहमीसारखी मारुतीच्या देवळापाशी वळणावर थांबली आणि हॉर्न देऊन गप्प उभी राहिली. मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. मोठे भावजी आत खाटेवर बसले होते. हॉर्न आम्हा दोघांनाही ऐकू आला आणि आम्ही दोघंही मधल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिलो. अशा वेळी तू पदर खोचत त्या दारातून बाहेर यायचीस. पुन्हा हॉर्न वाजला तेव्हा भावजी म्हणाले, "जा गं कुंदा, कोन हाय बघ." कोण आहे ते त्यांना चांगलं माहीत होतं.

पुण्याच्या काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली. शेजारी काकू, मांडीवर तीच ती डिंकाच्या लाडवांची पिशवी. "मावशी कुठायत?" काकांनी विचारलं.

तुझा तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. गावात सांगायची गरज पडली नव्हती, नातेवाइकांना भावजींनी आणि तुझ्या मुलाने फोन केले होते. माझ्यावर, तुझ्या धाकट्या जावेवर, सांगायची वेळ आलीच नव्हती. ती अशी भर दुपारी, देवळासमोर, हसऱ्या माणसांपुढे येईल असं वाटलं नव्हतं.

"झोपल्यात," मी म्हटलं. "पाठ धरलीय त्यांची."

आणि बोलल्यावर मला इतकं बरं वाटलं ताई, की ते परत घ्यावंसं वाटेना. तू खरंच मधल्या खोलीत कूस वळवून पडली आहेस आणि उठल्यावर मला चहाला हाक मारणार आहेस, असं घटकाभर मीच मानून चालले.

"मग उठू देत त्यांना, आम्ही थांबतो," काका म्हणाले. "मावशींशिवाय या गल्लीत गाडी घालायची माझी छाती नाही."

"मी आणते तुम्हाला आत," म्हणून मी वळचणीचा बांबू काढायला गेले. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. टोकाचं लाल फडकं तसंच होतं, तू मारलेल्या गाठीसकट.

पहिली गाडी आली होती ती आठवते का? कुठलंसं रिसॉर्ट शोधत चुकून गावात शिरली आणि गुरवांची वायर तोडून बसली. सगळा गाव गोळा. आत पलंग, मोरी, शेगडी बघून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि गुरव त्या माणसाला गाडीबाहेर ओढायच्या बेतात होते. तू मध्ये पडलीस. वायर जोडून द्यायला लावलीस आणि गाडी आपल्या वरच्या शेतात नेऊन उभी केलीस. ती माणसं दोन दिवस राहिली, आपल्याकडची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवली, आणि जाऊन दहा जणांना सांगितलं. मी म्हटलं, ताई, हा धंदा होईल. तू म्हणालीस, "होईल, पन गावाची वायर तुटता नये."

दुसऱ्या दिवशी तू तो बांबू तोडून आणलास. उंचातल्या उंच गाडीपेक्षा हातभर उंच, टोकाला बेचकं. गाडी आली की तू तो उभा धरून पुढे चालायचीस आणि गाडी मागून बैलासारखी निमूट यायची. बांबू वायरला किंवा आंब्याच्या फांदीला लागला की तू हात वर करायचीस, बेचक्याने वायर उचलून धरायचीस, मग गाडी खालून सरकायची. ओल्यातून वीज उतरते, बांबू कोरडाच हवा, म्हणून तो वळचणीला. आणि अवकाळी पाऊस असला तर गाडी डांबरी रस्त्यावरच राहील, मग आतला माणूस कितीही मोठा असो. यावरून एकदा तू एका साहेबाला भर पावसात गाडीतच जेवायला लावलं होतंस. ताट मात्र छत्री धरून स्वतः नेऊन दिलंस.

परवा तो बांबू मी दोन्ही हातांनी घट्ट धरला. जड नाही तो. गुरवांच्या घरापाशी वायर उचलताना त्यांची म्हातारी पायरीवर बसली होती. तिला डोळ्यांना नीट दिसत नाही. तिने लाल फडकं तेवढं बघितलं आणि म्हणाली, "आलीस का गं? बरं वाटतंय ना आता?" मी वायर आणखी वर उचलली. तिच्या सुनेने तिला हाताला धरून आत नेलं. मागे काकांनी काचा लावल्या होत्या, म्हणून त्यांना ऐकू गेलं नाही.

ताई, तू घरात नाहीस हे मला पटतंय. पण या गाड्यांतून तू निघून गेलेली नाहीस, त्याचं काय करू? काकांनी गाडी वरच्या शेतात आणली आणि हँडब्रेक ओढलाच नाही. गिअरमध्ये टाकून उतरले आणि चाकांना दगड लावले. "घाट उतरून आलोय, ब्रेक तापलेत. ओढला तर धरून बसेल, असं मावशींनी सांगितलंय." चाकांवर पाणी मारायला बादली घेऊन धावणाऱ्याच्या हातातून, तापलेलं लोखंड तडकेल म्हणून, तू बादली काढून घेतली होतीस, तो माणूस हाच ना? मग काकूंनी आतल्या ओट्यावर चहाचा कप काठोकाठ भरून ठेवला. चहा कुठल्या बाजूला सांडतो ते बघून काकांनी त्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवली, पुन्हा कप भरला, तेव्हा तो सांडला नाही. "झोपताना डोकं उताराकडे आलं की सकाळी दुखतं," काकू मला समजावून सांगत होत्या. मला, ताई. तुझ्यासोबत हे सगळं करत आलेल्या मला.

काकांनी शेतात शिरण्याआधी टाच रोवून जमीनही दाबून बघितली. भात कापल्यावर शेत वरून वाळलेलं दिसतं आणि आतून ओलं असतं, हे शहरातल्या माणसाला कळत नाही. रुतलेली गाडी तो रेस करून करून पोटापर्यंत पुरतो. मग तू पेंढ्याचे भारे घेऊन निघायचीस, चाकांपुढे पसरायचीस आणि ड्रायव्हरला म्हणायचीस, "आता पाय हलका ठेव रं बाबा, चिखलावर राग काढू नको." आणि संडासाची टाकी नदीत ओतायला निघालेला तो मुंबईचा माणूस! त्याच्यासमोर तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "खालच्या वाडीतल्या बाया हेच पानी भरतात. तुज्या घरच्या हंड्यात ओतशील काय?" तो बिचारा टाकी घेऊन आल्या पावली परतला आणि तू विहिरीपासून लांब खणलेल्या खड्ड्यात त्याच्याकडून ओतवून घेतलीस, वर माती लोटायला लावलीस.

शेगडीच्या बाबतीत मात्र आपलं भांडण कधी झालं नाही. एका थंडीत शेतात जाळ करून पोपटी लावली होती. मडकं उतरवलं, शेंगा-अंडी खाऊन झाली, आणि त्या तरुण जोडप्याने उरलेले निखारे घमेल्यात भरून गाडीत नेले, ऊब म्हणून. दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. तुला काय वाटलं कुणास ठाऊक, तू जाऊन दार बडवलंस. मुलगी दार उघडता उघडता पायरीवर कोसळली, मुलगा आत गुंगीत पडलेला. दोघंही वाचली. त्या दिवसापासून दिवेलागणीला तू प्रत्येक गाडीकडे जाऊन कोळशाची शेगडी मागून आणायचीस आणि आपल्या ओटीवर ठेवायचीस. सकाळी न्या म्हणायचीस. लोक नाराज व्हायचे. एका बाईने तर तुला चोर म्हटलं होतं. तू शेगडी डोक्यावर घेऊन हसत घरी आलीस.

परवा संध्याकाळी मी ती मागायला गेलेच नाही. दिवा लावून ओटीवर आले तर काकूंची शेगडी पायरीवर आणून ठेवलेली. निखाऱ्यांवर पाणी मारलेलं, राख ओली. जवळपास कुणी नव्हतं. भावजी दारात उभे होते, त्यांनीही ती बघितली आणि ते आत जाऊन खाटेवर बसले.

तर आता खालच्या शेताचं.

आपलं सगळ्यात जुनं भांडण तेच. वरच्या शेतातून नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. खालचं शेत थेट काठावर. करंजाची सावली, समोर माथेरानचा डोंगर, येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बोट दाखवतो. आणि तू प्रत्येकाला नाही म्हणायचीस. "पानी येतं." आभाळ कोरडं ठाक असताना पाणी कुठून येणार, असं लोक हसून विचारायचे. मग मी त्यांना सांगायची, की वर खोपोलीला वीजघर सुरू झालं की डोंगरावरचं पाणी खाली सुटतं आणि आपली पाताळगंगा ऐन उन्हाळ्यात चढते, त्यामुळे नदीच्या पात्रात खडकांवर तंबू-बिंबू लावू नका. एवढं तुझं-माझं एकमत. पण शेत पात्रात नाही, ताई. शेत काठाच्या उंच दरडीवर आहे. वीजघराचं पाणी दरडीच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले. पावसाळ्यातलं पाणी वेगळं, तेव्हा आपण गाड्या घेतच नाही.

तू नवी नवरी असताना त्या खडकांवर धुणं घेऊन गेली होतीस. पाणी चढलं, सगळं धुणं वाहून गेलं, आणि पुरुष माणसं दोर घेऊन येईपर्यंत तू एका खडकावर उभी होतीस. तुझ्या सासरच्या पहिल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ती सांगताना तू हसायचीस, सासूबाई धुण्यासाठी किती रडल्या ते सांगायचीस. पण हसताना तुझा हात ओटीवरचा खांब धरायचा. मला ते दिसायचं. दिसूनही मी म्हणायची, "ताई, खडक वेगळा नि शेत वेगळं." तू म्हणायचीस, "नदीला हे सांगितलंस का?" मी म्हणायची, तुला सांगून उपयोग नाही तर नदीला काय सांगू. मग दोघी दिवसभर भांडी जोरात आपटायचो आणि संध्याकाळी तू माझ्या पानात माशाचा मधला तुकडा वाढायचीस.

छातीत दुखतंय म्हणालीस त्या सकाळीसुद्धा आपण हेच बोलत होतो. मी म्हटलं होतं, या थंडीत मी एक गाडी खाली लावून दाखवते. तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, रुसलीस. पनवेलच्या वाटेवर दवाखान्याच्या गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तू पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होतीस. भोंग्याच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. त्याचा विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय.

दहाव्याला नदीवरच गेलो, खालच्या शेताच्या खाली. पिंड ठेवला. कावळे करंजावर ओळीने बसलेले, एकही खाली उतरेना. तुझा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाय." कावळा हलला नाही. तुझी बहीण म्हणाली, तुझी म्हैस विकू देणार नाही. तेवढ्यात एक कावळा खालच्या फांदीवर आला, इकडे तिकडे बघितलं आणि परत वर गेला. कुणी लेकीच्या बाळंतपणाचं बोललं, कुणी देवीच्या साडीचं. ऊन चढलं. भटजी घाई करायला लागले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तुझ्याबरोबर दिवसभर मी असायची, तुझ्या मनातलं मला माहीत असणार.

माहीत होतंच. "ताई, खालच्या शेतात गाडी लावणार नाही," एवढं म्हटलं असतं की झालं असतं. जिभेवर आलं होतं. आणि मी ओठ मिटून घेतले. तुझा मुलगा म्हणाला, "काकी, बोल ना काय ते." मी म्हटलं, "मला नाय काय माहीत." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

मला त्याचा पश्चात्ताप नाही, हे तुला आधीच सांगते. दहा माणसांसमोर, कावळ्याला साक्षीला घेऊन तू वाद जिंकायचा, आणि मी जन्मभर गप्प बसायचं? जिवंतपणी तू असं कधी केलं नाहीस. भांडणात तू कुणाला मध्ये घालत नव्हतीस. पण तेव्हापासून रोज दुपारी पाणी चढायला लागलं की नदीचा आवाज बदलतो, आणि मी हातातलं काम टाकून दरडीवर जाऊन उभी राहते. काय बघायला जाते, मला माहीत नाही. पाणी त्याच्या त्याच्या जागेपर्यंत येतं आणि थांबतं. मग मी घरी येते.

काल सकाळी काका खालच्या शेताकडे बघत म्हणाले, "काय हो कुंदाताई, मावशी झोपल्यात तोवर गाडी खाली लावून बघू का?" त्यांनी चेष्टेत विचारलं. इतकी वर्षं तुला विचारायचे तसंच. उत्तर ठरलेलं असायचं, ते ऐकून हसायचं आणि लाडू खायचे.

मी म्हटलं, "लावा."

ते बघतच राहिले. मी पुढे झाले. टाच दाबत बांधापर्यंत वाट बघितली, दोन ठिकाणी पेंढा टाकला, उलटी घ्यायला लावली म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहील. करंजाखाली गाडी अशी शोभून दिसली की काकू टाळ्या वाजवायच्या राहिल्या. नदी खाली खडकांतून वाहत होती. आम्ही जेवलो. दुपार कलली आणि आवाज बदलला.

मी दरडीच्या टोकाला जाऊन बसले. काका-काकू मागे खुर्च्या टाकून बसले. आधी लहान खडक पाण्याखाली गेले, मग बायका धुतात तो सपाट खडक गेला. पाणी मातकट नव्हतं, स्वच्छ, गार, मुकाट्याने वर येणारं. मी साडीचा काठ मुठीत धरला होता. मनात एकीकडे म्हणत होते, थांब, इथेच थांब. आणि दुसरीकडे, तुला खोटं कशाला बोलू, असंही वाटत होतं की येऊ दे, दरड चढून चाकांपर्यंत येऊ दे, म्हणजे ताई म्हणत होती ते खरं होतं असं ओरडत मी घराकडे पळत जाईन.

पाणी दरडीच्या निम्म्याच्याही खाली थांबलं. रोजच्याच जागेवर. करंजाच्या मुळांनासुद्धा शिवलं नाही. उन्हं उतरेपर्यंत तसंच राहिलं, मग ओसरायला लागलं आणि सपाट खडक पुन्हा वर आला.

मी बरोबर होते, ताई.

काकू जवळ आल्या. त्यांचा चेहरा मुलीसारखा झाला होता. "किती सुंदर दिसलं हो. पण मावशींना सांगू नका हं आम्ही इथे लावल्याचं, रागावतील. उठल्या का त्या? भेटूच दिलं नाहीत तुम्ही कालपासून."

"त्या नाहीत," मी म्हटलं. "ताई वारली. त्याला पंधरा-वीस दिवस झाले."

हे मी पहिल्यांदा तोंडाने बोलले. बोलल्यावर मी रडले नाही. काकू मात्र खाली गवतातच बसल्या. मला वाटलं, खोटं बोलले म्हणून काका मला टोचून बोलतील. ते उठले, खुर्च्या मिटल्या, गाडीचं बाहेर काढलेलं छत गुंडाळलं, गॅसची टाकी बंद केली, चाकांचे दगड काढले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"वर नेतो."

"का? पाणी येत नाही, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"बघितलं," काका म्हणाले. "पण त्या नको म्हणत होत्या ना."

मला इतका राग आला की माझा आवाज चढला. मी म्हटलं, ही जमीन माझीही आहे, मीही इथे राहते, मीही हे काम करते, माझ्या बोलण्याला काही किंमत आहे की नाही? काका मान खाली घालून ऐकत राहिले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. मग गाडी हळूच बांधावरून चढली आणि वरच्या शेतात, तुझ्या जागेवर जाऊन उभी राहिली. आत दिवा लागला. मी खालीच बसले होते. शेतात चाकांच्या दोन ओळी आणि थोडा दाबलेला पेंढा. नदीचा आवाज पुन्हा सकाळसारखा, बारीक झाला होता. मी तुला मोठ्याने हाक मारली. पाणी आलं नाही, असं सांगितलं. मग तू काय म्हणतेस त्याची वाट बघत बसले, मूर्खासारखी, अंधार पडून भावजी बॅटरी घेऊन शोधत येईपर्यंत. ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "चल गं. ती काय बोलनार आता."

काका-काकू आज सकाळी गेले. जाताना तुझ्या फोटोला हार घातला, भावजींच्या पाया पडले, माझ्या हातात लाडवांची पिशवी ठेवली. बांबू धरून मी त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत सोडून आले.

ताई, या शनिवारी ठाण्याहून एक गाडी येतेय. नवीन माणसं आहेत, तुला ओळखत नाहीत, तुझं नावही त्यांनी ऐकलेलं नाही. त्यांना मी खालच्या शेतातच लावणार आहे. पुढच्यांनाही तिथेच. जागा चांगली आहे, पाणी येत नाही, आणि कुणी वर जातो म्हणालं तर मी जाऊ देणार नाही. तुला नको असेल तर तू ये आणि मला अडव.